वाघूर म्हणजे वाघ नव्हे

मी, सोनबा भिका ठोंबरे, वय एकोणऐंशी, राहणार महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली न येता ही व्यवस्था लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्याच डॉक्टरांनी सांगितलंय की ही शुद्ध फार टिकायची नाही. बायकोला झालेला विसराचा आजार मलाही लागलाय, म्हणून घाई.

१. राहतं घर आणि विहिरीजवळची जमीन मुलगा आदेश याला. बँकेत असेल ते मुलगी सुप्रियाला. यावरून भांडू नये.

२. उरलेल्या मेंढ्या चुलतभाऊ सावळेरामने न्याव्यात. आदेशला देऊ नयेत, तो दुसऱ्याच दिवशी विकेल. रागाने लिहीत नाही, पोरगा माझाच आहे, मला ठाऊक आहे.

३. माझी पत्नी गजराबाई दोन वर्षांपासून जुन्नरजवळच्या एका वृद्धकेंद्रात आहे. दिवस कलला की ती दाराशी जाऊन म्हणायची, "वाघूर लावा, वाघूर लावा." आमच्यात मेंढ्या कोंडायच्या जाळीला वाघूर म्हणतात. चाळीस वर्षं रानोमाळ हिंडताना रोज सांजेला तीच लावायची. तिथल्या पोरींनी ऐकलं 'वाघ'. आपल्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, तेव्हा त्यांनाही काय बोलावं. वहीत लिहिलं, 'पेशंटला वाघ दिसतो', आणि भासाची गोळी सुरू झाली. आता ती दिवसभर पडून असते. पाठीला जखम झालीय.

मी चारदा सांगितलं, "ताई, वाघ न्हाई, वाघूर. जाळी व्हती आमची. हातात दोरी द्या, बांधंल अन् गप बसंल." मॅनेजर म्हणाले, "बरं बाबा, सांगतो स्टाफला." स्टाफ तर दोन महिन्यांनी बदलतो. इंद्रायणी नावाच्या एका पोरीने मात्र दोरी दिली होती. गजरीने ती खिडकीच्या गजांना बांधली आणि भाकर खाल्ली. पुढं इंद्रायणी नोकरी सोडून गेली आणि गळ्याला फास बसेल म्हणून केंद्रवाल्यांनी दोरी काढून घेतली.

माझी चांगली घोंगडी इंद्रायणीला द्यावी, ती पोरगी सापडली तर.

४. मॅनेजरला माझ्याकडून काही नाही. माणूस वाईट नाही. तीस म्हातारी माणसं आणि दोन पोरी, तो तरी काय करणार? तरीही मी त्याला माफ करत नाही.

५. गेल्या गुरुवारी भेटायला गेलो. गोळी द्यायची राहिली होती, म्हणून ती जागी होती. माझा हात धरून म्हणाली, "वाघूर लावा." मी खिडकीकडं बघितलं आणि विचारलं, "कुटं हाय वाघ?" शेजारी उभी असलेली तिथली पोरगी म्हणाली, "बघा, बाबांनाही दिसतोय." एसटीत बसल्यावर मला आठवलं. नारायणगाव येईपर्यंत रडलो.

६. मलाही तिथंच ठेवतील. आमच्या दोघांच्या गोळ्यांबद्दल इथं लिहायचं होतं, पण वकील म्हणाले, "बाबा, मृत्युपत्र मेल्यावर चालतं. जित्या माणसाला त्याचा उपयोग नाही." म्हणजे मरायच्या आधीच जो जाणार, त्याच्यासाठी कागद नाही. ती वाघूर म्हणेल, मी वाघाला भिईन, आणि गोळी दोघांनाही मिळेल.

वरचं सगळं वाचलं. आज समजलं. म्हणून आजच सही केली.

सोनबा भिका ठोंबरे

साक्षीदार:
१. जलाल मोमीन, घोंगडी व्यापारी, जुन्नर
२. सुदर्शन पडवळ, महाळुंगे पडवळ

ठिकाण: महाळुंगे पडवळ
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५