मान कोणी वळवायची?

मंगळवार, संध्याकाळ

सखूवैनीचा पाय मोडला. डोक्यावर घागरी घेऊन आम्ही दोघी रस्त्याच्या कडेनंच येत होतो, तर पाण्याच्या टँकरनं तिला मागून उडवलं. अन् पोलीस जमादार घरी येऊन मलाच विचारतो, "बाईनं मागं वळून बघायचं न्हाई का?" दादा, तिचा सख्खा नवरा, तोही होकाराची मुंडी हलवत राहिला!

डोक्यावर भरली घागर असली की मान वळत न्हाई. वळवली तर पाणी सांडतं. ह्या दुष्काळात कोण सांडील?

लातूर जिल्हा झाला, रस्ता रुंद झाला, कडेची पायवाट त्यातच गेली. मग आम्ही चालायचं कुठून? डायवर म्हणतो, हॉर्न दिला होता. दिला असेल. म्हणून रस्ता त्याच्या बापाचा झाला? समोर काच त्याच्या, ब्रेक त्याच्या पायाखाली, अन् मान वळवायची आम्ही?

माझी भरली घागर मी जमादारापुढं ठेवली. म्हटलं, "साहेब, ही डोक्यावर घ्या अन् मागं बघून दाखवा."

कुणी हात लावला न्हाई. दादा जमिनीकडं बघत बसला.

उद्या जबाबाला ठाण्यात बोलावलंय. जाणार. घागर घेऊनच जाणार, भरलेली.