शुभेच्छुकांत पहिलं नाव

वडीगोद्री

प्रिय दैवशाला,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो. काल परत पोलीस ठाण्यात जाऊन आलो. साहेब म्हणाले, “बापानंच नेलेत ना लेकरं, मंग गुन्हा कसला, काका?” म्हटलं, आईला न विचारता कॅनडाला नेली आणि आता परत पाठवत नाही, याला काय म्हणायचं? तर अर्ज वर पाठवतो म्हणाले. हा तिसरा अर्ज. यांचं ‘वर’ कुठं संपतं, देव जाणे!

दुकानात माणसं बियाणं घ्यायला येतात आणि फुकटचे सल्ले देऊन जातात. काकासाहेब म्हणतो, जावयाचे पाय धरा. धरायला तो इथं असायला तर हवा! दिवाळीच्या सुट्टीत लेकरं आमच्याकडे होती, तेव्हा आला, तुझ्या आईच्या हातचे चार धपाटे खाल्ले आणि म्हणाला, आम्ही सगळेच कॅनडाला चाललो, दैवशालाचंही ठरलंय. आणि लेकरं घेऊन गेला. तू पुण्यात नोकरीवर. लेकरं इथंच शिकतील म्हणून तू हरिओमशी वर्षभर भांडत होतीस, हे तरी आम्हाला कुठं सांगितलंस?

रविवारी त्यानं लेकरांशी फोनवर मोजून पाच मिनिटं बोलू दिलं. आकांक्षा म्हणाली, “आबा, आई कधी येऊन राह्यली?” माऊली तर मराठी बोलताना अडखळतो आता. तुझी आई तिथून उठूनच गेली. माझा नुसता संताप होतो.

मागच्या आठवड्यात कॅनडातल्या कोर्टात त्याच्या वकिलानं फ्लेक्सचा फोटो दाखवला. लेकरांना कॅनडाला जाण्यासाठी हार्दिक शुभेच्छा, आणि शुभेच्छुकांत पहिलं नाव तुझं, हात जोडलेल्या फोटोसकट. म्हणे, आईची संमती होती याचा हा पुरावा. तेव्हा फोनवर तू म्हणालीस, हरिओमनंच कट करून लावला असणार. मी विषयच बदलला. बाई, तो फ्लेक्स मी लावला. स्टँडसमोर, चांगला आठ बाय दहाचा. नातवंडं परदेशी चालली, गावाला कळायला नको? शुभेच्छुकांत कोण कुणाला विचारून नाव घालतं? तुला एक फोन करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आता शपथपत्र केलंय की मुलीचं नाव, फोटो तिला न विचारता मीच घातला. फ्लेक्सवाला बबलूही साक्ष द्यायला तयार आहे. गाव हसेल, हसू दे. कागद सोबत जोडलाय. तुझ्याबद्दल त्यात जे लिहिलंय, ते नीट वाच आणि तुला पटलं तरच तुझ्या वकिलाकडे दे. या वेळी तुला विचारतोय.

तुझाच चुकलेला,
आबा