उतरलेलं वजन

९ मार्च, सोमवार

भावजी,

आज ह्यांचं शिलाईचं दुकान रिकामं केलं. मशीन दुपारी गेलं. संध्याकाळी तुम्ही आलात आणि चारचौघांत म्हणालात, "दादा कसा सडपातळ झाला होता! गोळीशिवाय साखर उतरवली पठ्ठ्याने."

उतरली की चढली, कुणी तपासलं होतं? वजन कमी करा, असं डॉक्टरही सांगत. पण गोळी आमच्याशिवाय सोडू नका, असंही बजावत. "दुकानदारी आहे त्यांची," म्हणून तुम्ही ते उडवून लावलंत. शिकलेल्या धाकट्या भावाचं ह्यांना भारी कौतुक.

गोळ्या सुटल्या आणि हे दर आठवड्याला स्वतःची पँट कमरेत आत घेऊ लागले. पुढे थकव्याने सकाळचं फिरायला जाणंही थांबलं, घशाला सारखी कोरड, तरी पँट सैलच. मी बोलले तर तुम्ही हसलात, "वहिनी, नजर लावू नका." वाढलेली साखरच त्यांना झिजवत होती, हे दवाखान्यात कळलं, तोवर उशीर झाला होता.

हेही मी गिळलं असतं. पण आज निघताना तुम्ही माझ्या मुलीच्या पाठीवर थाप मारलीत. "तुलाही साखर निघाली ना? बापासारखं कर, गोळ्या फेक." ती "हो काका" म्हणाली.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही गोड उत्तर द्याल. जे सांगायचं ते सकाळी तिलाच सांगेन, आणि तुमच्यासाठी हे दार बंद.

तुमचा कप टेबलावरच आहे. तो विसळून पालथा घालते.

तिची आई