मुराकी-सानची सून

कोतो, तोक्यो
१२ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
नयनाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे याचं तुला नवल वाटेल. पुष्कर घरूनच काम करतो. या दोन खोल्यांत त्याच्या कानावर न जाता काही बोलता येत नाही, आणि हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

मी संध्याकाळी ज्या बारमध्ये पार्टटाइम जाते, ते काम पुष्करचे साहेब ओकादा-सान यांच्या ओळखीने मिळालं. ते तिथले नेहमीचे गिऱ्हाईक. मालक मुराकी-सान. जागा एवढीशी, आणि धूर इतका की भिंतीला बोट लावलं तर पिवळा चिकटा नखात बसतो. अ‍ॅशट्रे समोर असून लोक सिगारेट उरलेल्या भातात खुपसतात, सोयासॉसच्या वाटीत विझवतात. तो काळा लगदा मी हाताने काढते. घरी आले की मैथिली ‘कुसाई’ म्हणून नाक दाबते. स्वतःच्या लेकीने घाण वास येतो म्हणून दूर सरकावं, याचं वाईट वाटतं.

पण किळस आली ती परवा. इथल्या नियमाप्रमाणे नोकर ठेवला असेल तर छोट्या बारमध्येही सिगारेट ओढू देता येत नाही. फक्त मालक आणि घरचीच माणसं राबत असतील तरच चालतं. वॉर्ड ऑफिसचा माणूस तपासायला आला. मी कोण, असं त्याने विचारलं. मुराकी-साननी हसत सांगितलं की ही आमची सून. मी ट्रे घेऊन उभी होते. नाही म्हणायचं सोडून वाकून नमस्कार केला.

तो गेल्यावर सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून मला सूनबाई म्हणतात. काल ओकादा-साननी सिगारेट तोंडात धरून मान पुढे केली आणि म्हणाले, सुनेने लायटर धरायला काय हरकत आहे. मी धरला, दादा. हात साबणाने किती घासले तरी समाधान होईना.

काय करू ते लिही. तुझी माया आहे म्हणून एवढं लिहवलं.

तुझी,
नयना


सेंदाई
१७ ऑक्टोबर २०२४

चि. नयनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून मला दुपारचं जेवण गेलं नाही. तुझा लहानपणचा दमा त्या मुराकीला माहीत नसेल, तुला तरी आठवतो ना? छातीत शिट्टी वाजते का, खरं सांग.

आमच्या विद्यापीठाजवळच्या बारमालकानेही अशीच रड लावली होती की धूर बंद केला तर धंदा बसेल. शेवटी त्याने कोपऱ्यात काचेची खोली केली. ओढणारे तिथे एकमेकांना चिकटून उभे असतात, बाकीचे निवांत जेवतात. जुनी काही मंडळी रुसून गेली, ती परत आली नाहीत, हेही खरं. त्याचं नुकसान झालं. पण म्हणून त्याने कोणाला खोटी सून केली नाही.

मुराकीला सरळ सांग, की धूर बंद करा आणि मला घरची म्हणू नका. आणि पुष्करला आधी सांग. माझ्यापुढे लग्नात एवढ्या शपथा घेतल्यात, आता नवऱ्यापासूनच हे लपवतेस होय.

प्रकृतीला जप. तुझं हसू ऐकायला मिळेल असा फोन लवकर कर.

तुझा,
अवधूत


कोतो, तोक्यो
१० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
नयनाचा सा. न. वि. वि.

शिट्टी वाजते. डॉक्टरने इनहेलर दिला आहे.

तू म्हणालास तसं मुराकी-सानना सांगितलं. नकार द्यायचा असला की इथले लोक ओढतात तशी त्यांनी दातांतून हवा ओढली आणि म्हणाले, थोडे दिवस विश्रांती घे. सुनेला नोकरीवरून काढता येत नाही ना, म्हणून विश्रांती. माझे बूट आणायला गेले, तर काउंटरमागे तेरेसा नावाची फिलिपिनो बाई अ‍ॅशट्रे पुसत होती. मुराकी-साननी ओळख करून दिली, की ही माझी मेहुणी. गिऱ्हाइकं पुन्हा तशीच हसली. तेरेसा बाहीत तोंड खुपसून खोकत होती.

पुष्करला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. तो म्हणाला, तू सुटलीस ना, मग सोडून दे. ओकादा-सानशी माझं रोजचं काम आहे. लायटरचं सांगितल्यावरही त्याने एवढंच म्हटलं, की ते प्यायलेले असतील. धुराची येते त्याहून जास्त किळस मला त्या वाक्याची आली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी वॉर्ड ऑफिसात गेले. तोच माणूस भेटला. माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, की मी त्या घरची सून नाही, तिथली नोकर होते, आणि आता आहे तीही मेहुणी नाही. त्याची मान खाली गेली. म्हणाला, मला तेव्हाच शंका आली होती, पण विचारणं जड गेलं.

आता बारच्या दारावर धूम्रपानबंदीची पाटी आहे. ओकादा-सान तिकडे फिरकत नाहीत आणि पुष्करशी कामापुरतंच बोलतात. पुष्करही माझ्याशी तसंच वागत होता. काल मात्र त्याने विचारलं, की तो लायटर तुला किती वेळा धरायला लावला. मी म्हटलं, एकदा पुरेसं नाही का. तो उठून बाल्कनीत गेला. आत आला आणि म्हणाला, टीम बदलून मागतो.

तेरेसा स्टेशनवर भेटली. गिऱ्हाइकं कमी झाली, तिचे कामाचे दिवस निम्म्यावर आले. हे माझ्यामुळे झालं, असं तिने तोंडावर सांगितलं. मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, की तुमच्या भारतीय हॉटेलांत कोणी सिगारेट ओढतं का. उद्या आम्ही दोघी मिळून काम विचारायला निघणार आहोत. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

वहिनीला नमस्कार. तुम्हा दोघांची आठवण रोज येते, तुम्हालाही माझी येत राहो.

तुझी,
नयना