बँडवाल्याच्या मुलाचा अल्बम

अब्बा, तुमच्या मुलाचा अल्बम सध्या सगळीकडे वाजतोय. अकोल्याच्या बस स्टँडसमोर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याच्या गाड्यावर वाजतो, इथे अमरावतीत आमच्या शाळेबाहेरच्या ऑटोंमध्ये वाजतो, परवा चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला बसले तर तिथेही तोच. गाणी त्यानेच लिहिलीत, चाली त्याच्याच, गिटारही तोच वाजवतो. कंपनीने त्याला फ्रेममध्ये बसवलेली एक चकचकीत तबकडी दिली. ती हातात धरून काढलेला त्याचा फोटो शेजारच्या वहिनींनी मलाच मोबाइलवर दाखवला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या भावानं तं नाव काढलं." मी हसले. नाव काढलं म्हणे. ज्याचं काढायला हवं होतं ते नाव सोडून बाकी सगळ्यांची काढून झाली, हे त्यांना काय सांगणार?

पत्र मराठीत लिहितेय, कारण आपल्या घरात अर्धं उर्दू आणि अर्धं वऱ्हाडी चालायचं, तरी मला मराठी शाळेत तुम्हीच घातलं आणि आता मी तिथे तेच शिकवते. तुम्हाला वाचायला त्रास व्हायचा. तेव्हाही मीच वाचून दाखवायची आणि तुम्ही क्लॅरिनेटची नळी पुसत ऐकायचे. आता तुम्ही नसलात, तरी तसंच समजा.

त्या अल्बममधलं एक गाणं फार चाललंय. त्यात मध्येच सगळी वाद्यं बंद होतात. गाणारा गप्प, ड्रम गप्प, आणि बऱ्याच वेळाने गाणं पुन्हा सुरू होतं ते थांबलं होतं तिथून नाही, पुढून. मधल्या दोन ओळी जणू वाजून गेल्या आणि आपल्याला ऐकू आल्या नाहीत. पोरं त्यावर वेडी झालीत. तेवढ्या गप्प राहण्यावर व्हिडिओ काढतात. एका पंख्याच्या कंपनीने जाहिरातीसाठी नेमका तोच तुकडा उचललाय. लाइट जाते, पंखा थांबतो, लाइट येते तेव्हा गाणं पुढे गेलेलं असतं. आणि तुमचा मुलगा मुलाखतीत सांगतो, "रेकॉर्डिंग करताना कॉम्प्युटर हँग झाला, आणि आम्हाला ते आवडलं." कॉम्प्युटर! पुढे त्या मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, घरात संगीताचं वातावरण होतं का? तर म्हणतो, "नाही, तसं काही नव्हतं."

नव्हतं? बाहेरच्या खोलीत भिंतभर लाल कोट टांगलेले असायचे, त्यांच्या सोनेरी झालरीला घामाचा वास यायचा, आणि पलंगाखाली ढोल असल्यामुळे आम्हाला लपाछपीत कधी पलंगाखाली शिरता आलं नाही. वातावरण नव्हतं म्हणे.

मला हिवरखेडची ती वरात आठवते. उन्हाळ्याची सुट्टी आहे, म्हणून आम्ही दोघं बँडच्या मॅटाडोरमध्ये ढोलांच्या मध्ये बसून आलोय. गावात उतरल्यावर तुम्ही आधी चहा मागत नाही. पानठेल्यावर जाऊन विचारता, "भाऊ, या रस्त्यानं कोनाच्या घरी दुख्ख झालं का एवढ्यात?" हे तुम्ही प्रत्येक गावात विचारायचे, अकोटला, तेल्हाऱ्याला, कुठेही. ज्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल त्या घरावरून बँड वाजत न्यायचा नाही, हे तर सगळेच पाळतात. बाकीचे बँडवाले घर ओलांडलं की गाणं पहिल्यापासून धरायचे. तुमचं तसं नव्हतं. तुमचं म्हणणं असं, की गाणं तोडलं तर लग्नघराला वाईट वाटतं आणि वाजवलं तर त्या घराला. म्हणून गाणं चालूच ठेवायचं, फक्त ऐकू येऊ द्यायचं नाही. पावलं तालात पडत राहतात, प्रत्येकाने मनातल्या मनात आपापलं वाजवायचं, आणि घर मागे पडलं की गाणं जिथे पोचलं असेल तिथून सगळ्यांनी एकदम उचलायचं.

त्या दिवशी पानठेल्यावर सांगितलेल्या गल्लीत वळलो आणि तुम्ही क्लॅरिनेट खाली केलं. नवरदेवाचे मित्र नाचून लाल झालेले. एकजण ओरडला, "काऊन बंद केलं बे मास्तर? पोट भरलं का?" तुम्ही पुढेच पाहत चाललात. ओसरीवर एक बाई भिंतीला टेकून बसली होती, तिने नुसती मान वर केली. आणि तेवढ्यात तुमचा लाडका, माझ्या हाताला धरून चालणारा, ते गाणं गुणगुणायला लागला. तुम्ही रांगेतून बाहेर आलात आणि त्याच्या डोक्यात एक टपली मारली. मारणारे नव्हते तुम्ही. तो रडलासुद्धा नाही, इतका चकित झाला. गल्ली संपली आणि सगळा बँड अंतऱ्याच्या मध्यातून असा उठला, की मित्रमंडळी क्षणभर नाचायचंच विसरली. मग नवरदेवाचा मामा आला. "ओ, मधलं खाल्लं ना तुमी! मधलं वाजवा पयले."

"खाल्लं नाई, मामा," तुम्ही म्हणालात. "वाजलं थे. तुमाले आयकू नाई आलं."

सगळे हसले, मामाही हसला. मॅटाडोरमध्ये परत येताना तुमचा मुलगा तुमच्या मांडीवर झोपला होता आणि झोपेतही त्याच्या टाचा पत्र्यावर ताल धरत होत्या. असं शिकलाय तो. आणि श्रेय कोणाला, तर हँग झालेल्या कॉम्प्युटरला!

मुलाखत पाहिल्याबरोबर मी फोन लावला.

"आपा, जेवलीस का?" तो म्हणाला.

"जेवण राहू दे. वातावरण नव्हतं का आपल्या घरात? मंग काय होतं? पिठाची गिरणी होती का?"

तो हसला. मग म्हणाला, "तुले नाई समजत, आपा. बँडवाल्याचा पोरगा म्हटलं ना, की पुढचा प्रश्न नागीण डान्सचा असतो. मंग गाण्याचं कोनीच विचारत नाई. करून पाहिलं मी. पयल्या मुलाखतीत सांगतलं होतं. त्यायनं मले स्टुडिओत लाल कोट घालाले लावला."

"मंग घालायचा! अब्बांनी मे महिन्यात घातला जन्मभर. तुले एसीत जड झाला?"

"अमरावतीले येऊन राहिलो पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. "तिथं सांगतो. आपल्या लोकाइत सांगतो. वादा."

आला. मोठं मैदान, तरुण पोरापोरींनी भरलेलं. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. शेजारच्या मुलींनी विचारलं, "काकू, तुम्हीपण फॅन?" मी म्हटलं, "हो, पहिल्यापासून." ते गाणं यायची वेळ झाली तेव्हा तो माइकपाशी आला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी पदर सावरून बसले, कारण मला वाटलं आता सांगेल. तो म्हणाला, "हे गाणं ज्याच्यामुळे झालं, त्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरसाठी जोरात टाळ्या!" मैदान हसलं. टाळ्याही वाजल्या. अब्बा, एका यंत्रासाठी, तुमच्या गावाशेजारी, तुमच्या टाळ्या वाजल्या.

मी उठून उभी राहिले. ठरवलं, की सगळं गप्प होईल तेव्हा आपण ओरडायचं. एवढ्या गोंगाटात माझा आवाज पोचेल अशी तेवढी एकच जागा होती. तुमचं नाव, बँडचं नाव, सगळं मोठ्याने सांगायचं, मग हसेनात का लोक. गाणं सुरू झालं, चढत गेलं, आणि थांबलं. सगळं मैदान चिडीचूप. फक्त पावलं पडत होती, हजारो पावलं, तालात. माझं तोंड उघडलेलं होतं आणि आवाज निघेना. तशा जागी तोंडातून ब्र काढायचा नसतो, हे तुम्ही माझ्या अंगात इतकं मुरवलंय, की त्या दिवशी तुमच्यासाठीसुद्धा तो नियम मला मोडता आला नाही.

आणि पुढच्या रांगेतून मला दिसलं. त्याचा उजवा हात गिटारवर निवांत पडला होता, पण डाव्या हाताची बोटं तारांवर चालूच होती. एकही सूर नाही आणि बोटं चाललेली. तुमचीही अशीच चालायची, क्लॅरिनेट छातीशी धरलेलं, फुंकर नाही आणि बोटं बटणांवर. ते पाहून माझा राग गेला असेल असं समजू नका. वाढला. विसरला असता तर एकवेळ माफ केलं असतं. विसरलेला नाही तो. बोटांना सगळं ठाऊक आहे, तोंड तेवढं खोटं बोलतं.

कार्यक्रम झाल्यावर पडद्यामागे गेले. गळ्यात टॉवेल, भोवती माणसं. त्याने लहान मुलासारखं विचारलं, "कसं वाटलं, आपा?" मी म्हटलं, "आवाज फार मोठा होता." आणि निघून आले. त्यानंतर त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. उचलणारही नाही, जोवर तो चारचौघांत तुमचं नाव घेत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. त्याच्या हाती तर मुळीच लागू द्यायचा नाही, कारण एक गोष्ट त्याच्यापासून मी लपवून ठेवलीय. ती शांतता संपली तेव्हा त्याने गाणं उचललं ते तंतोतंत जिथे पोचायला हवं होतं तिथून, केसभरही इकडेतिकडे नाही. आणि मघापासून ओरडण्यासाठी उघडलेल्या माझ्या तोंडातून, एवढा राग असताना, "वाह बेटा" निघालं, अगदी तुमच्या आवाजात. बाजूच्या मुलींनी वळून पाहिलं. मी खाली बसले.