विमान खाली, माणूस वर

३ ऑक्टोबर, शनिवार
छायाचित्र मंडळाने वार्षिक प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून माझी निवड केली. योग्य निर्णय. विम्याच्या ऑफिसात जुने पोचे नवे म्हणून दाखवणाऱ्या गाड्यांचे फोटो मी रोज पकडतो. अध्यक्षबाई म्हणाल्या, यंदा दुसरं कुणी तयार नव्हतं. विनोदी स्वभाव आहे त्यांचा.
निश्चय : ओळख नाही, नातं नाही, दयामाया नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार
पहिलाच मासा गळाला लागला. लढाऊ विमानाचा फोटो. दोन डोंगरांमधल्या खिंडीतून विमान चाललंय आणि फोटो काढणारा त्याच्या वर! वैमानिकाचं हेल्मेट दिसतं. वर मान करून बघतोय. पंखांवर पांढरं धुकं, जणू कापूस चिकटवलाय. सावली कुठेच नाही.
विमानं वर असतात आणि माणसं खाली. हे लहान मुलालाही कळतं. फोटोमागे लाल पेनाने लिहिलं, ‘बनावट’. खाली दोन रेघा मारल्या. बरं वाटलं.

७ ऑक्टोबर, बुधवार
फोटो मेहुण्याचा निघाला. म्हणजे हिचा धाकटा भाऊ. दातांचा डॉक्टर आहे, पण सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन त्या डोंगरावर जाऊन बसतो. हवाई दलाच्या तळावरची लढाऊ विमानं तिथल्या खिंडीतून सरावाला जातात म्हणे.
हिने विचारलं, तुम्ही शुद्धीवर होतात का? मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. फ्रिजशी बोलते. मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
डॉक्टर घरी आला. कॅमेऱ्यातली मूळ फाइल घेऊन. शांत माणूस, पण आज जबडा घट्ट होता. म्हणाला, भावोजी, ही बघा, काहीही बदल केलेला नाही. मी म्हटलं, मूळ फाइलसुद्धा बनवता येते. कशी, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तपासाच्या पद्धती मी उघड करत नाही.
तो गेल्यावर पद्धती आठवून पाहिल्या. सध्या एकही आठवत नाही. थकवा असावा.
अध्यक्षबाईंचा फोन. बनावट म्हणायचं तर पुरावा द्या, नाहीतर फोटो लावू. देतो ना! पुराव्याला काय तोटा?

११ ऑक्टोबर, रविवार
फोटो तपासून देणारी एक वेबसाइट सापडली. डॉक्टरची फाइल टाकली. उत्तर : अस्सल. वेबसाइट अगदीच प्राथमिक दर्जाची. मग स्क्रीनवरच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला, जरा कापला, उजेड वाढवला आणि तो टाकला. उत्तर : फेरफार केलेला. सापडला चोर!
खात्रीसाठी आमच्या लग्नाचा फोटो टाकला. उत्तर : मोठ्या प्रमाणावर फेरफार. ही मागे उभी होती. चार दिवसांनी प्रथमच माझ्याशी बोलली. म्हणाली, बरोबर आहे, स्टुडिओवाल्याने तुमचा चेहरा उजळ केला होता, माझ्या वडिलांनी फसवणूक म्हणून तेव्हाच बोलून दाखवलं होतं.
वेबसाइट बंद केली. यंत्रांवर विश्वास ठेवू नये.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
आज शास्त्रीय प्रयोग. दोन सोफे म्हणजे डोंगर. मधे दोरीला टांगलेलं मुलीचं जुनं खेळण्यातलं विमान. टॉर्च म्हणजे सूर्य. मी खुर्चीवर उभा, म्हणजे फोटोग्राफर. सावली फोटोत यायलाच हवी, हे सिद्ध करायचं होतं. ती पडली सोफ्यामागे, फोटोच्या बाहेर. टॉर्च सरकवला. टेबलाखाली पडली. पुन्हा सरकवला. शेवटी टॉर्च जमिनीवर ठेवला तेव्हा आली, पण छतावर.
ही फ्रिजला म्हणाली, सूर्याला बिचाऱ्याला यांच्या सोयीने उगवावं लागणार.
खुर्चीवरून उतरताना गुडघा दुखावला. प्रयोग अनिर्णित.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
आता एकच मार्ग. प्रत्यक्ष पाहणी. डॉक्टरबरोबर डोंगरावर जायचं, आपल्या खालून विमान जात नाही हे त्याला दाखवायचं आणि जागेवर लेखी कबुली घ्यायची. ऑफिसात ‘साइट तपासणी’ सांगून निघालो. पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला. परीक्षक परीक्षकासारखा दिसला पाहिजे.
चढ भयानक. डॉक्टर शेळीसारखा वर गेला. मी निरीक्षणं करत गेलो, म्हणून वेळ लागला. वर नुसता वारा. तो कॅमेरा लावून बसला. मी त्याला वैमानिक इतक्या खाली का येणार नाहीत हे समजावलं. तो हो हो म्हणत होता. दातांचे डॉक्टर असंच म्हणतात आणि उपटतात.
काही आलं नाही. दुपार टळली. मी उठलो, कपडे झटकले आणि म्हटलं, डॉक्टर, कागद काढा.
पुढचं सलग आठवत नाही. आधी छातीत काहीतरी हललं. मग आभाळ फाटलं. त्यानंतरचा बराच वेळ माझ्या नाकात गवत होतं.
डॉक्टर आनंदाने ओरडत होता, भावोजी, पाहिलंत? केवढं खालून गेलं! मी सांगितलं की त्या क्षणी मी दुसऱ्या दिशेची पाहणी करत होतो.
म्हणजे मी विमान पाहिलेलं नाही. पुराव्याच्या दृष्टीने परिस्थिती जैसे थे.

१७ ऑक्टोबर, शनिवार
अहवाल दिला : ‘विमान ऐकू आले. दिसले नाही.’ अध्यक्षबाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, तुम्ही आता विश्रांती घ्या. परीक्षणासाठी नवी समिती नेमली. माझ्यावर पडलेला भार त्यांच्या लक्षात आला, हे चांगलं झालं.
डॉक्टरने जुना फोटो मागे घेतला आणि परवाचा दिला. हिने तो बघितलाय. फ्रिजला मिठी मारून हसत होती. मला दाखवत नाही.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
फोटो बघितला. विमान खिंडीत, अगदी खाली. पंखांवर तेच धुकं. वैमानिक वर बघतोय. आणि पुढच्या कोपऱ्यात, कड्याच्या काठाशी, पांढऱ्या शर्टातला एक इसम पालथा पडलाय. दोन्ही हात कानांवर, तोंड गवतात, बाकीचा भाग उंच. वैमानिक त्याच्याकडेच बघत असावा.
समितीचा निकाल : विमान अस्सल, माणूस नंतर चिकटवलेला. कारणं : इतक्या उजळ शर्टात डोंगरावर कुणी जात नाही आणि भीतीनेसुद्धा माणूस असा पडत नाही. फोटो बाद.
चेहरा दिसत नाही. डोंगरावर मी होतो हे डॉक्टर आणि ही सोडून कुणाला ठाऊक नाही. धोरण : मौन.

२४ ऑक्टोबर, शनिवार
दाढ ठणकतेय, डॉक्टरकडे जावंच लागलं. पेशंट बसतात त्या खोलीत भिंतीवर मोकळा खिळा होता. जुना फोटो खुर्चीमागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. मागे माझं लाल अक्षर. दोन रेघांसकट.
दाढ बघताना डॉक्टर आपणहून म्हणाला, भावोजी, समितीला काही सांगू नका. तुमची उगाच शोभा होईल. माझं काय, जाईन परत डोंगरावर.
तोंडात आरसा आणि नळी होती, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.
मौनाचं धोरण कायम. पण जेवण गेलं नाही. दाढेमुळे.

२५ ऑक्टोबर, रविवार
सकाळी सभागृहात गेलो. फक्त प्रदर्शनाची मांडणी बघायला. समिती बसली होती. मी त्यांच्यासमोर कसा जाऊन उभा राहिलो, कळलं नाही. म्हटलं, तो इसम मी आहे.
कुणाचा विश्वास बसेना. अध्यक्षबाई म्हणाल्या, तुम्ही नातेवाईक, तुमचा शब्द कसा धरणार? पुरावा लागेल. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं. फार राग आला.
शर्ट तोच होता. मग सतरंजीवर पालथा पडलो. हात कानांवर घेतले. कुणीतरी कंबर धरून मला आणखी थोडं उंच केलं. अध्यक्षबाई फोटो हातात धरून माझ्याभोवती फिरल्या. कान झाकलेले, त्यामुळे निकाल मला ऐकू आला नाही. सगळे चहाला निघून गेल्यावर शिपायाने खांदा हलवून सांगितलं, साहेब, उठा, झालं पास.
फोटो दाराशीच लावला. आत येणारा प्रत्येक माणूस आधी हसतो, मग विमान बघतो. डॉक्टर तिथेच उभा होता. माझ्या कोपराला लागलेली सतरंजीची धूळ झटकत राहिला.
घरी आल्यावर हिने पाणी आणून दिलं. फ्रिजकडे न बघता, सरळ मला म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही माझ्या भावाच्या उपयोगी पडलात.
‘पडलात’वर तिने जरा जास्त जोर दिला, असं वाटलं. विचारलं नाही.