अंतोबाचं तर्पण

माधव नगर, उज्जैन

ती. विनोदिनीताईस,

आल्हादचा साष्टांग नमस्कार. (कंबर दुखते आहे म्हणून सध्या कागदावरच; कारण खाली येईल.) पुण्यात तुझे गुडघे आणि तुझे प्रकाशक, दोघंही आता त्रास देत नसतील अशी आशा करतो. आम्ही ठीक. आई, म्हणजे तुझी सुलूकाकू, तुझी कादंबरी ऐकल्यापासून इतकी हुशारली आहे की दमलो आम्ही.

ऐकल्यापासून म्हणतो, कारण डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे तिला वाचता येत नव्हतं. रोज दुपारी गौरी सासूला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी पेपरमागे लपून ऐकायचो. ताई, तू कमाल केली आहेस. पानिपतची लढाई चार पानांत उरकलीस आणि उरलेलं सगळं पुस्तक उज्जैनला मागे राहिलेल्या एका घराचं. दरबारचा कारकून अंतोबा लष्कराबरोबर जातो, तो जिवंत की मेला ही खबर येतच नाही, आणि त्याची द्वारका कुंकू लावावं की पुसावं या पेचात म्हातारी होते. धाकट्या दिरावर घर पडतं आणि तो हसणं विसरतो, तिथे गौरीचा आवाज बसला. (ती म्हणते, फ्रिजच्या पाण्याने.)

पुस्तक संपलं. पितृपक्ष लागला तेव्हा आई म्हणाली, "त्या अंतोबाचं कोणी काही केलंच नाही. आपण करू."

मी समजावलं की आई, तो खरा नाही, ताईने मनाने घडवलेला आहे.

"म्हणूनच त्याला दुसरं कोणी नाही," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटोने राम घाटावर गेलो. पंडितजींनी पाट मांडला, हातात दर्भ दिले आणि विचारलं, "कब शांत हुए?" धर्मकार्यात खोटं नको म्हणून मी सांगितलं, "सत्रह सौ इकसठ में." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बड़ी देर कर दी आपने," एवढंच म्हणाले. मग गोत्र. मी आईकडे पाहिलं, आई म्हणाली, "पुस्तकात दिलेलं नाही." पंडितजी म्हणाले, मालूम नहीं तो काश्यप बोलो. तेवढं बोलून मी पाणी सोडायला वाकलो आणि शेवाळावरून थेट क्षिप्रेत बसलो, दर्भासकट. (कंबर ती ही.)

मला वर ओढेपर्यंत आई पंडितजींना शांतपणे सांगत होती, "एक नाम और है. श्रीनाथ."

श्रीनाथमामा, तिचा पाठचा भाऊ, एकाहत्तरच्या लढाईवर गेला. तू आमच्याकडे यायचीस तेव्हा त्याच्याविषयी कोणी बोलायचं नाही, म्हणून तुला ठाऊक नसेल. 'बेपत्ता' अशी तार आली, पुढे काही नाही. आजोळच्या आजीने त्याचं दिवसपाणी करू दिलं नाही आणि आजीनंतर आईने तोच हट्ट चालवला. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांत त्याचं नाव होतं, 'कै.' न लावता. मंडपात लोक विचारत होते, मामा कुठे आहेत, आणि आई म्हणत होती, येतील.

मी ओल्या धोतराने पुन्हा पाटावर बसलो. या खेपेला गोत्र आईने स्वतः सांगितलं, मामाचं पूर्ण नावही. आवाज अजिबात हलला नाही. मग पायरीवर बसून ती खूप रडली, आणि मी घाबरलो असताना म्हणाली, भूक लागली.

परतताना ती सगळी वाट मामाविषयी बोलत होती. आजवर 'श्रीनाथला पोह्यांवर शेव फार लागते' असं असायचं. त्या दिवशी 'फार लागायची' झालं. ताई, तुझ्या पुस्तकाला कोणी हार घालो न घालो, आमच्या घरात त्याने हे केलं. मला नमस्कारासाठी वाकता येईल तेव्हा खरा नमस्कार पुण्याला येऊन करीन.

तुझा,
आल्हाद

ता. क. अंतोबाचं खरं गोत्र कळव. पंडितजी भेटले की विचारतात.

आणखी एक ता. क. खरं तर हे पत्र आईने लिहायला बसवलं. तू दुसरा भाग लिहिते आहेस असं तिला कळलं आहे. तिचं म्हणणं, त्यात अंतोबाला घरी आण. मी म्हटलं, आपण त्याचं तर्पण करून बसलो. तिने पंडितजींना फोन लावून विचारलं; माणूस जिवंत परतला तर त्यालाही विधी आहे म्हणे. तेव्हा तुला तिकडून काही अडचण नाही. आई म्हणते, एकाला तरी येऊ दे.